आईला घेऊन कोलकाता, पाच दिवस: फिरायचं कसं? (माहिती हवी आहे)

मोर्णाकाठ | १४ नोव्हेंबर
नमस्कार मंडळी. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आईला घेऊन कोलकात्याला जातोय. अकोल्याहून गीतांजलीचं रिझर्वेशन झालंय, जाता-येताचे दोन दिवस सोडून हातात पूर्ण पाच दिवस आहेत. आई ६८ वर्षांची, दोन्ही गुडघे दुखतात, सपाटीवर अर्धा-पाऊण तास आरामात चालते पण जिने आले की अडतं. तिची लग्नाच्या आधीपासूनची इच्छा आहे दक्षिणेश्वरचं कालीमंदिर आणि रामकृष्ण मिशनचा बेलूर मठ बघायची, बाबा होते तेव्हा दोनदा ठरलं आणि दोनदा राहून गेलं. त्यामुळे ह्या वेळी घाईघाईत उरकायचं नाही एवढं नक्की.
एका ट्रॅव्हलवाल्याने 'दोन दिवसात १८ पॉइंट, एसी गाडी' असं पॅकेज दिलंय. ते घ्यावं का? राहायचं कुठल्या भागात? आणि आई पूर्ण शाकाहारी आहे, तिथे जेवणाचं कसं जमतं? ज्यांनी वयस्कर माणसांना घेऊन हे शहर बघितलंय त्यांनी प्लीज सविस्तर लिहा.

शुभांगी_क | १४ नोव्हेंबर
१८ पॉइंट अजिबात नको!! आम्ही सासूबाईंना घेऊन असंच केलं होतं, त्या दोन दिवसात जास्तीत जास्त वेळ गाडीच्या काचेतून पुढच्या बसचा मागचा भाग बघितला. दर ठिकाणी उतरा, पार्किंग लांब, चालत जा, वीस मिनिटं, परत चला. गुडघ्यांना त्याचाच त्रास जास्त होतो, चढ-उतार गाडीतूनही होतोच की.
अजून एक, तिथे बरेच रस्ते वन-वे आहेत आणि काही रस्त्यांची दिशा दुपारनंतर उलटी होते. म्हणजे सकाळी जिथून पाच मिनिटात गेलात तिथूनच संध्याकाळी मोठा वळसा पडतो. ड्रायव्हर मुद्दाम फिरवतोय असं वाटतं, तसं नसतं.

बागबाजारकर | १४ नोव्हेंबर
मी मूळचा सातारचा, गेली अकरा वर्षं नोकरीनिमित्त उत्तर कोलकात्यात राहतो. थोडं लांबेल, पण तुमच्या उपयोगाचं आहे.
आधी शहराचा नकाशा डोक्यात घ्या, फार सोपा आहे. हुगळी नदी उत्तर-दक्षिण वाहते, पश्चिमेला हावडा, पूर्वेला कोलकाता. मेट्रोची जुनी म्हणजे ब्लू लाइन नदीला साधारण समांतर उत्तर-दक्षिण जाते, तिच्या अगदी उत्तरेच्या टोकाला दक्षिणेश्वर, खाली दक्षिणेला कालीघाट आणि पुढे. १९८४ ला हिचाच एक तुकडा सुरू झाला तेव्हा ती देशातली पहिली मेट्रो होती. ग्रीन लाइन पूर्व-पश्चिम, हावड्याहून नदीच्या खालून एस्प्लनेडला आणि तिथून सियालदामार्गे सॉल्ट लेककडे. दोन्ही एस्प्लनेडला भेटतात. बघण्यासारखं जवळजवळ सगळं ह्या दोन लायनींच्या चालत्या अंतरात किंवा एका छोट्या रिक्षाच्या अंतरात येतं. म्हणून हॉटेल घेताना 'स्टार' बघू नका, ब्लू लाइनवरचं स्टेशन किती जवळ आहे ते बघा. पार्क स्ट्रीट, मैदान, रवींद्र सदन हा पट्टा तुमच्यासाठी उत्तम. न्यू टाउनला हॉटेलं नवी आणि स्वस्त दिसतात पण रोज तिथून येण्या-जाण्यातच जीव जाईल.
रोज एकच दिशा धरा. एक दिवस उत्तर टोक, एक दिवस मध्य, एक दिवस दक्षिण. एकाच दिवशी दक्षिणेश्वर आणि कालीघाट दोन्ही 'करून टाकू' म्हणणारे खूप भेटतात, दोन्हीकडे रांगेतच दिवस संपतो.
आणि दुपारचा वेळ हॉटेलवर झोपायला ठेवा. खरंच ठेवा. देवळं दुपारी बंद असतात, शहरही थोडं पेंगतं.

निखिल७७ | १५ नोव्हेंबर
वरच्या सगळ्याला +१. ट्रेनचं बघून घ्या पण, गीतांजली हावड्यालाच जाते म्हणून तुमचं ठीक आहे, पण एलटीटीहून (मुंबईचं लोकमान्य टिळक टर्मिनस) सुटणाऱ्या काही गाड्या शालिमारला जातात आणि लोक हावडा समजून हॉटेलची गाडी हावड्याला बोलावतात. शालिमार पण नदीच्या त्याच काठाला आहे पण बरंच खाली. परतीचं तिकीट अजून काढलं नसेल तर हे डोक्यात ठेवा.
हावड्याला तुम्ही बहुतेक नव्या इमारतीत उतराल, १७ ते २३ प्लॅटफॉर्म. तिथून जुन्या इमारतीपर्यंत बरंच चालणं आहे, सामान असेल तर कुली करा, आईला बॅग उचलायला लावू नका. प्रीपेड टॅक्सीची खिडकी आहे, ती सोडून बाहेर 'दादा टॅक्सी' म्हणत मागे लागतील त्यांच्याबरोबर जाऊ नका. यात्री साथी म्हणून बंगाल सरकारचं ॲप आहे, त्यावर पिवळी टॅक्सी मिळते, भाडं आधी दिसतं. तेवढं मोबाइलमध्ये घालून ठेवा.

सुलभाकाकू | १५ नोव्हेंबर
अरे बाळा, आईला घेऊन निघालास हे वाचून फार बरं वाटलं. मी ७१ वर्षांची, दोन वर्षांपूर्वी मैत्रिणींबरोबर गेले होते, एक गुडघा बदललेला आहे. माझा सल्ला, होडी सोडू नका. म्हणजे लाँच. नदीवरून जाताना बसायला मिळतं, वारा लागतो, गर्दीचा धक्का नाही, आणि शहर आपल्यासमोरून सरकत जातं. आम्ही हावडा ते बाबूघाट अशा दोन फेऱ्या नुसत्या हौसेने मारल्या. तिकीट अगदी नाममात्र.
जेवणाचं म्हणशील तर काळजी नको. 'निरामिष' हा शब्द पाठ कर, बंगालीत शाकाहारी म्हणजे निरामिष, आणि त्यांच्या निरामिष स्वयंपाकात सहसा कांदा-लसूणही नसतो. सकाळी कचोरी आणि छोलार डाल (म्हणजे हरभऱ्याची डाळ, खोबऱ्याचे तुकडे घातलेली, किंचित गोड), लुची आणि आलूर दम. आपल्या पुरीपेक्षा लुची पांढरी आणि मऊ, मैद्याची असते. मोहरीचं तेल मात्र नाकात जातं, आईला सवय नसेल तर पहिल्या दिवशी कमी खायला सांग. आणि तुम्ही डिसेंबरात जाताय म्हणजे नोलेन गुड मिळेल! खजुराच्या रसाचा नवा गूळ, त्याचा संदेश. रसगुल्ला बाराही महिने मिळतो, हा संदेश फक्त थंडीत. डबे भरून आणा.

मोर्णाकाठ | १५ नोव्हेंबर
इतक्या मनापासून लिहिलंत, सगळ्यांचे आभार. पॅकेज रद्द. काकू, आईला तुमची पोस्ट वाचून दाखवली, ती म्हणाली 'लाँचमध्ये बसायचंच'.
दक्षिणेश्वर-बेलूर एकाच दिवशी होईल ना? कुणी म्हणतं सकाळी, कुणी म्हणतं संध्याकाळच्या आरतीला.

शुभांगी_क | १५ नोव्हेंबर
संध्याकाळ! बेलूरची आरती बघितली नाही तर काय बघितलं? ते 'खंडन भव बंधन' सगळे संन्यासी एका सुरात म्हणतात तेव्हा अंगावर काटा येतो. दुपारी साडेतीनला दक्षिणेश्वर, मग होडीने बेलूर.

बागबाजारकर | १५ नोव्हेंबर
शुभांगीताई, आरतीबद्दल शंभर टक्के खरं. पण डिसेंबरात इथे पाचच्या आतच सूर्य मावळतो. महाराष्ट्रातून आलेल्या प्रत्येक पाहुण्याची इथे फसगत होते, घड्याळ एकच असलं तरी आपण देशाच्या पूर्वेला आहोत. साडेतीनला दक्षिणेश्वरच्या रांगेत उभे राहिलात तर बाहेर येईपर्यंत अंधार, मग होडी मिळेल न मिळेल, आणि आईला अंधारात घाटाच्या पायऱ्या.
म्हणून माझं मत, सकाळी. साडेसात-आठला मेट्रोने दक्षिणेश्वर. स्टेशनजवळूनच स्कायवॉक आहे, थेट देवळापर्यंत, सरकते जिने आहेत, रस्ता ओलांडायची गरजच नाही. मोबाइल आत चालत नाही, जमा करावा लागतो, म्हणून एकमेकांची चुकामूक झाली तर भेटायची जागा आधीच ठरवा. मंगळवार-शनिवार टाळा, देवीचे वार, रांग दुप्पट. मग होडीने बेलूर, साडेअकराला मठ बंद होतो त्याच्या आत पोचायचं. आरतीसाठी दुसऱ्या एखाद्या संध्याकाळी हावड्याहून बेलूरला वेगळं जा, हातात पाच दिवस आहेत ना.

बारगीर | १६ नोव्हेंबर
मी नागपूरचा. फिरण्याची माहिती वर आलीच आहे, मी थोडं वेगळं सांगतो, मराठी माणसाने हे माहीत असून तिथे जावं असं मला मनापासून वाटतं.
१७४२ पासून जवळजवळ दहा वर्षं नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या फौजा बंगालवर चालून जात होत्या, भास्करराम कोल्हटकर सेनापती. त्या स्वारांना तिथले लोक 'बर्गी' म्हणायचे, आपला बारगीर शब्दच तो, ज्याला घोडा सरकारातून मिळतो तो बारगीर, स्वतःचा असतो तो शिलेदार. ह्या भीतीने इंग्रजांनी आणि तिथल्या रहिवाशांनी कलकत्त्याभोवती खंदक खणायला घेतला, मराठा डिच. सात मैलांचा ठरला होता, तीनेक मैल झाला आणि आपली फौज शहरापर्यंत आलीच नाही. पुढे तो बुजवून त्यावर सर्क्युलर रोड झाला, म्हणजे आज ज्या रस्त्याने तुम्ही टॅक्सीतून जाल तो. बागबाजारला मराठा डिच लेन नावाची गल्ली आजही आहे.
आपण शाळेत 'अटकेपार' शिकतो, चौथाई शिकतो. तिकडे खेड्यापाड्यात जाळपोळ झाली, पीक लुटलं गेलं, आणि ते त्यांच्या अंगाईगीतात राहिलंय. दोन्ही बाजू माहीत असाव्यात.

निखिल७७ | १६ नोव्हेंबर
हे माहीतच नव्हतं. धन्यवाद बारगीर.
सोमवारी व्हिक्टोरिया मेमोरियलचं म्युझियम, इंडियन म्युझियम, जोडासांको ठाकूरबाडी (रवींद्रनाथ टागोरांचा वाडा), नेताजी भवन सगळं बंद असतं बरं का. सोमवार देवळांना किंवा नदीला ठेवा.

मोर्णाकाठ | २३ डिसेंबर
मंडळी, परवा परत आलो. तुम्ही सगळ्यांनी एवढं सांगितलंत म्हणून लिहिणं माझं कर्तव्यच आहे, आणि पुढे कुणी आई-वडिलांना घेऊन जाणार असेल तर त्याला उपयोग होईल. जरा मोठं झालंय.

हॉटेल रवींद्र सदन स्टेशनच्या जवळ घेतलं, हा सगळ्यात चांगला निर्णय. व्हिक्टोरिया सकाळच्या उन्हात चालत गेलो. ते बांधकाम मकराण्याच्या संगमरवराचं, ताजमहालाचा दगड तोच, १९०६ ला पाया आणि १९२१ ला खुलं झालं. आत तासभर, बाहेर बागेत दीड तास. आईला बाग जास्त आवडली, तळ्याकाठी बाकावर बसून तिने शेजारच्या बाईशी हिंदी-मराठी-बंगाली मिसळून गप्पा मारल्या, मला मधे बोलूच दिलं नाही.

फजिती म्हणाल तर पहिल्याच संध्याकाळी झाली आणि ती सगळ्यांना सांगतो. मेट्रोतून बाहेर आल्यावर एकाला हॉटेलचा रस्ता विचारला, तो म्हणाला 'डान दिके, दादा, डान दिके'. मी ऐकलं डावीकडे. आणि डावीकडे चालत राहिलो, आईला घेऊन, पंधरा मिनिटं. सव्वापाच वाजलेले आणि पूर्ण अंधार (बागबाजारकर, तुम्ही सांगूनही पहिल्या दिवशी अंदाज आला नाही, अकोल्यात त्या वेळी उजेड असतो). शेवटी एका पानवाल्याने हाताने दाखवलं तेव्हा कळलं की 'डान' म्हणजे उजवं, आणि डावीकडे म्हणजे 'बाँ दिके'. आईचे पाय भरून आले होते, पानवाल्याने न विचारता स्टूल पुढे केलं आणि मातीच्या छोट्या भांड्यात चहा मागवला, पैसे घ्यायला तयार नव्हता. तेव्हा हे दोन शब्द लिहून ठेवा, आपल्या कानाला ते उलटेच लागतात.

दक्षिणेश्वर बुधवारी सकाळी. स्कायवॉकमुळे आईला एकही मोठा जिना चढावा लागला नाही. राणी रासमणीने १८५५ मध्ये बांधून घेतलेलं ते नऊ शिखरांचं देऊळ, नदीच्या कडेने ओळीत बारा शंकराची देवळं. रांग चाळीस मिनिटांची होती. आई दर्शनानंतर रामकृष्ण परमहंसांच्या खोलीत गेली, तिथे ते चौदा वर्षं राहिले, आणि खाली जमिनीवर बसून राहिली. मला वाटलं गुडघ्यामुळे बसली. जवळ गेलो तर डोळे मिटलेले. तिला हाक मारली नाही. घड्याळात साडेनऊ झालेले, बेलूर साडेअकराला बंद होणार हे डोक्यात होतं, तरी नाही मारली. अर्ध्या तासाने आपणहून उठली आणि म्हणाली 'चल, तुझ्या बाबांचं पण झालं'.

मग होडीने बेलूर, पोचलो साडेदहाला. १९३८ चं ते मुख्य मंदिर, एका बाजूने बघितलं तर देऊळ, दुसरीकडून चर्च, तिसरीकडून मशिदीसारखं, हे ऐकलं होतं पण समोर उभं राहिल्यावरच पटतं. फोटो काढायला मनाई आहे ते बरंच आहे, लोक शांत असतात. आरतीसाठी शुक्रवारी परत गेलो, येताना हावड्यापर्यंत बस. शुभांगीताई, काटा आला, तुम्ही म्हणालात तसाच.

लाँचमधली एक गोष्ट. बाबूघाटाकडे जाताना शेजारी एक आजी होत्या, पांढरी साडी, हातात भाजीची पिशवी. कुठून आलात विचारलं, आईने महाराष्ट्र सांगितलं. त्या एकदम म्हणाल्या 'बर्गी!' आणि हसून आईचा हात धरला, आणि ते अंगाईगीत म्हणून दाखवलं, बाळ झोपलं, गल्ली शांत झाली, बर्गी आले, अशा अर्थाचं. त्यांच्या आजीने त्यांना म्हटलेलं, त्यांनी नातवंडांना. मी बारगीर यांची पोस्ट आईला आधी वाचून दाखवली होती त्यामुळे तिला लगेच कळलं. ती थोडा वेळ गप्प झाली. मग तिने आजींना आपलं 'नीज माझ्या बाळा' अशा धाटणीचं, तिच्या आईने शिकवलेलं, दोन ओळी म्हणून दाखवल्या. समोर हावडा ब्रिज होता, १९४३ पासून उभा, मधे नदीत एकही खांब नाही, आणि ह्या दोघी त्याच्याकडे बघतच नव्हत्या.

कुमारटुलीला, म्हणजे मूर्तिकारांच्या वस्तीत, शोभाबाजार स्टेशनवरून गेलो. गल्ल्या अरुंद आणि ओल्या, जपून चालावं लागतं पण जिने नाहीत. दुर्गापूजा होऊन गेलेली, आता सरस्वतीच्या मूर्ती चालू होत्या. एका कारागिराने आईला बसायला पाट दिला. बांबूच्या सांगाड्यावर तो गवताच्या पेंढ्या सुतळीने आवळत होता, इतक्या घट्ट की नुसत्या गवतातच देवीची मान आणि खांदा दिसायला लागला. शेजारच्या मूर्तीवर भाताचं तूस मिसळलेल्या मातीचा पहिला थर, तो वाळून तडकलेला, आणि त्या भेगांवर पातळ मातीत बुडवलेल्या कापडाच्या पट्ट्या तो बोटाने सारवत होता. हाताची बोटं वेगळी करून फळीवर ओळीने वाळत ठेवलेली, प्रत्येकीला नख. आई म्हणाली आमच्याकडे गणपती साच्यातून काढतात, त्याला हिंदी फारसं येत नव्हतं पण 'गोणेश' कळलं आणि त्याने मागे ठेवलेला हातभर उंचीचा गणपती दाखवला.

जे नाही जमलं ते पण सांगतो. इंडियन म्युझियम (१८१४ चं, आशियातलं सगळ्यात जुनं) आईला जड गेलं, भरहूतच्या प्राचीन स्तूपाचे दगडी कठडे बघून झाल्यावर बाहेर पडलो. कॉलेज स्ट्रीटच्या कॉफी हाऊसला मी एकटा गेलो, जिना आहे. ट्राम लांबून एकदाच दिसली, आता फारच थोड्या उरल्यात. एका मोठ्या देवळाबाहेर एक जण 'लवकर दर्शन' म्हणून मागे लागला, आईला पुढे नेलं आणि आत हजार रुपये मागितले. मी दिले, आईसमोर वाद नको म्हणून, पण राग अजून आहे. कुणाच्याही मागे जाऊ नका, रांगेतच उभे राहा.

खर्चाचं कुणी विचारेल म्हणून, मेट्रोचं तिकीट ५ रुपयांपासून, पाच दिवसांत प्रवासाला सगळा मिळून त्या पॅकेजच्या निम्माही लागला नाही.

सुलभाकाकू | २३ डिसेंबर
वाचता वाचता डोळे भरून आले रे. आईला माझा नमस्कार सांग. संदेश आणलास की नाही?

मोर्णाकाठ | २३ डिसेंबर
काकू, तीन डबे. एक गाडीतच संपला, नागपूर यायच्या आत.

पैठणी_पल्लवी | २४ डिसेंबर
खूपच छान लिहिलंय. फेब्रुवारीत मी माझ्या आई-बाबांना नेतेय, बाबांना काठी लागते. दक्षिणेश्वरच्या होडीत चढायला किती पायऱ्या आहेत? जमेल का त्यांना?

मोर्णाकाठ | २४ डिसेंबर
पायऱ्यांपेक्षा त्या लोखंडी पुलाकडे लक्ष द्या. धक्का तरंगता आहे आणि नदीला इथपर्यंत भरती-ओहोटी येते. भरती असेल तर पूल जवळजवळ सपाट असतो, ओहोटीला चांगलाच उतार होतो. आम्ही गेलो तेव्हा उतार होता, आईने एका हाताने कठडा आणि दुसऱ्या हाताने मला धरलं, तिथला माणूस पण मदतीला आला. होडी धक्क्याला टेकून पूर्ण थांबेपर्यंत पाय टाकू देऊ नका, आणि बाबांना सगळ्यात शेवटी चढवा, म्हणजे मागून कुणी ढकलत नाही.

बागबाजारकर | २४ डिसेंबर
पल्लवीताई, तारीख ठरली की मला व्यक्तिगत संदेश करा, त्या दिवशीची भरतीची वेळ बघून सांगतो. उतार फारच असेल तर दक्षिणेश्वरहून बेलूरला पुलावरून टॅक्सीने पण जाता येतं, बाबांना तेच सोपं पडेल.